ट्रंक भरण्याआधी पाय बघ

(पत्राचा गोषवारा, नाव-गाव गाळून)

फोंडा तालुक्यातली तेवीस वर्षांची मुलगी. बी.एस्सी. झालेली, एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट मिळवलेलं, सध्या वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी. एसएसबी (सेनेच्या निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी) आणि वैद्यकीय तपासणी पार पडून गुणवत्ता यादीत नाव लागलं आहे आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीचं रुजू होण्याचं पत्र आता येण्यात आहे. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की थोड्याच दिवसांत निघायचं. मागच्या बॅचच्या तीन मुलींनी सामानाच्या तीन वेगळ्या याद्या पाठवल्या. पप्पांनी तिन्ही एकत्र करून चार पानांची एक केली आणि निवृत्तीच्या पैशांतून खरेदी सुरू केली. पुण्याची आत्या म्हणते, तिथलं सहा आठवड्यांचं अकादमीपूर्व शिबिर कर. फी पन्नास हजारांवर, आणि त्यासाठी नोकरी लगेच सोडावी लागेल. पावसामुळे धावणं होत नाही. पोहता येत नाही. एसएसबीला भेटलेल्या मुलींनी ‘गोव्याची असून?’ म्हणून विचारलं, ते मनाला लागलं आहे. आई केस कापू देत नाही. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ लिहून खोडलेली आहे, तरी वाचता येते: ‘मध्येच परत आले तर पप्पांना तोंड कसं दाखवू?’

बाय,

खोडलेली ओळ आधी घेते. मोजे किती जोड घ्यायचे हेही सांगणार आहे, पण ही भीती मनात तशीच राहिली तर बारा जोड मोजे भरूनही तुला धीर यायचा नाही.

तुमच्या घरी चाललेली खरेदी ही मुळात काळजी आहे. पप्पांना तुझ्याबरोबर मैदानावर धावता येणार नाही, म्हणून ते तुझ्यासाठी बाजारात धावताहेत. आणि तू त्यांचा खर्च पाहून आणखी घाबरते आहेस, कारण एवढं सगळं घेऊन गेलेल्या मुलीनं परत कसं यायचं? म्हणजे ट्रंक जितकी भरते तितकी ती मनावर जड होते. पप्पांना अडवून भागणार नाही, ते दुखावतील. त्यांच्या हाती दुसरं काम द्यायला हवं, आणि असं एक काम आहे, खूप महत्त्वाचं. त्याकडे येते.

तुझ्या पत्रात एक समजूत न बोलता बसलेली दिसते. अकादमीच्या दारात पोचताना आपण निम्मे अधिकारी झालेले असायला हवं, असं तू धरून चालली आहेस. म्हणूनच शिबिर, म्हणूनच उत्तमातले बूट, म्हणूनच पोहता येत नाही याची लाज. पण तिथं ४९ आठवडे कशासाठी आहेत? ती संस्था १९६३ पासून हेच काम करते आहे, आणि १९९२ पासून मुलींनाही तिथंच घडवते आहे. उभं कसं राहायचं, हात किती वर न्यायचा, जेवताना काटा कुठल्या हातात धरायचा, इथपासून सगळं शिकवतात. तुला येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. एसएसबीच्या पाच दिवसांत त्यांनी तू शिकू शकतेस का एवढंच पाहिलं, आणि होकार दिला.

तिथं मिळत नाही अशी एकच गोष्ट तुला घरून न्यायची आहे: न दुखावलेलं शरीर. त्यातही पाय.

माझा भाचा, दुसऱ्या एका अकादमीत गेलेला, निवड झाल्यावर दोन महिने डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर धावला. त्याआधी तो फक्त कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळत असे. निघताना नडगीत बारीक दुखत होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही, तिथं गेल्यावरही नाही. पाचव्या आठवड्यात हाडाला चीर निघाली. तो एक सत्र मागे पडला. त्याला तिथल्या भाषेत रेलिगेट होणं म्हणतात: पुरेसं प्रशिक्षण चुकलं की कॅडेट मागून येणाऱ्या बॅचबरोबर पुढे जातो. तो गेला, अधिकारी झाला, आज सीमेवर आहे. घरात त्या सहा महिन्यांची आठवण कुणी काढत नाही. पण त्या वेळी माझ्या बहिणीला वाटलं होतं की आभाळ कोसळलं.

म्हणून तुझ्या भीतीचे तीन भाग करून बघ, कारण ‘परत येणं’ ही एक गोष्ट नाही. दुखापतीनं मागे पडणं म्हणजे परत येणं नव्हे, उशिरा पोचणं आहे. शरीरानं अगदी साथ सोडली आणि वैद्यकीय कारणानं घरी पाठवलं, तर त्यात तोंड लपवण्यासारखं काही नाही. तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःहून सोडणं. याबद्दल कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं: आपल्या हातातल्या कारणानं सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो. त्या बाँडवर सही करण्याआधी पप्पा आणि तू शेजारी बसून तो सबंध वाचा. तुला वाटेल की आत्ताच असलं काय बोलायचं. माझं मत उलट आहे. ज्या घरात हे एकदा मोकळेपणानं बोललं जातं, तिथल्या मुलीला पुढे पाय दुखला तर सांगायला जड जात नाही.

आता पाय. हाडावर नवा ताण आला की ते आधी थोडं झिजतं आणि मग भरून येताना आधीपेक्षा मजबूत होतं. भरून यायला आठवडे लागतात. त्याआधीच पुढचा ताण दिला तर झीज साचत जाते आणि शेवटी चीर पडते. लष्करी प्रशिक्षणात हे मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त दिसतं, आणि पोटाला कमी खाणं, रक्तात लोह कमी असणं, ड जीवनसत्त्व कमी असणं यानं धोका आणखी वाढतो. तेव्हा या आठवड्यात पहिलं काम म्हणजे रक्ततपासणी. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व बघून घे, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आत्ताच गोळ्या सुरू कर, दहा आठवडे आहेत तर फरक पडेल. दुखरी दाढ असेल तर तीही आत्ताच. आणि बारीक व्हायचं म्हणून जेवण तोडू नकोस. शीत-कडी (भात-आमटी), नुस्तें (मासे), डाळ, अंडी, सगळं पोटभर.

‘पावसामुळे धावणं होत नाही’ असं लिहिलं आहेस. मला वाटतं तुला पावसापेक्षा भिजण्याची अडचण आहे, आणि ती चेन्नईत सुटणार नाही. आपला पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, तेव्हा तिथला ईशान्य मोसमी सुरू व्हायचा असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे तू एका पावसातून निघून दुसऱ्या पावसात उतरणार आहेस. तेव्हा भिजत धावण्याची सवय इथंच होऊ दे. फक्त जागा नीट निवड. शेवाळलेल्या चिऱ्यांवर नको, उताराच्या रस्त्यावर नको, वाहनांच्या वाटेत तर नकोच. फर्मागुडीच्या पठाराजवळ मैदान मिळालं तर उत्तम, नाहीतर फोंड्याचं क्रांती मैदान आहे. मातीवर, गवतावर पळ. आठवड्यात तीन दिवस धावणं, दोन दिवस पाठीवर पिशवी घेऊन भरभर चालणं, दोन दिवस पायांना सुट्टी. पिशवीत सुरुवातीला चार किलो तांदूळ पुरे, दर पंधरवड्याला किलोभर वाढव. धावण्याचं अंतरही असंच, मुंगीच्या पावलानं.

किती जमायला हवं, याचा अंदाज सैन्याच्या अलीकडच्या जाहिरातींत दिलेला असतो. मुलींसाठी २.४ किलोमीटर १३ मिनिटांत, १५ पुश-अप, २५ सिट-अप, २ पुल-अप आणि पोहण्याची तोंडओळख. मुलांसाठी तेच अंतर साडेदहा मिनिटांत आणि ४० पुश-अप. एनसीसी केलेल्या मुलीला यात अशक्य असं काही नाही. पुल-अप मात्र बहुतेकींना जड जातात, कारण आपण कधी लटकतच नाही. घराच्या पडवीत भक्कम वासा असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ नुसती लटक, आधी दहा सेकंद, मग वीस, मग तीस. मग स्टुलावर चढून हनुवटी वाशाच्या वर न्यायची आणि सावकाश खाली यायचं. सहा आठवड्यांत पहिला पुल-अप येईल, आणि त्या दिवशी तुला जो आनंद होईल तो कुठल्याही बुटांनी व्हायचा नाही.

दुखणं कसं ओळखायचं तेही शिकून घे. स्नायू ठणकतो तो पसरून ठणकतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. हाडाचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं, दाबलं की कळ येते, रात्री स्वस्थ पडल्यावरही दुखतं. तसं काही झालं तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. तिथं गेल्यावरही हाच नियम. तिथं सगळेच दुखणं लपवतात, कारण मागे पडायची भीती असते. माझ्या भाच्यानं पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर कदाचित पंधरा दिवसांच्या विश्रांतीवर भागलं असतं.

शिबिराचं मी स्पष्टच सांगते: नको. ज्या मुलाला पहाटे उठायची, कवायतीची, तंबूत राहायची मुळीच सवय नाही त्याला अशा शिबिराचा थोडा उपयोग होत असेल. तू तीन वर्षं एनसीसीत काढली आहेस. सहा आठवड्यांत अकादमीचं वेळापत्रक गिरवायला गेलीस तर जो ताण तुझ्या हाडांवर ऑक्टोबरात यायचा तो ऑगस्टमध्येच येईल आणि तू थकलेली, कदाचित दुखावलेली तिथं पोचशील. आत्याला माझ्या नावानं सांग. नोकरीही आज सोडू नकोस. रुजू होण्याचं पत्र हातात आलं की रीतसर राजीनामा दे, नोटीस पूर्ण कर, कार्यमुक्तीचं पत्र घे. निघण्याआधीचे दोन-तीन आठवडे मात्र मोकळे ठेव.

शिबिराच्या फीमधला एक छोटा भाग पोहण्यावर घाल. पोहता न येणारे गोंयकार पुष्कळ आहेत, विशेषतः मुली. आमच्या पिढीत मुलगे व्हाळात नाहीतर देवळाच्या तळीत पडून शिकायचे आणि आम्ही काठावर कपडे सांभाळायचो. तेव्हा लाज तुझी नाही. शिकायची जागा पण तलावच हवी, जीवरक्षक असलेला, जसा पणजीला कांपालचा. फोंड्याहून बसनं तास-सव्वा तास धर, शनिवार-रविवार गेलीस तरी पंधरा-वीस वेळा पाणी मिळेल. पावसाळ्यात समुद्रात नाही, आणि पाण्यानं भरलेल्या चिरेखाणीत तर कुणी कितीही आग्रह केला तरी नाही; दर पावसाळ्यात तिथं जीव जातात. दहा आठवड्यांत मासळीसारखी पोहायला लागशील असं मी म्हणत नाही. पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणं, पाठीवर तरंगणं, आणि वरून उडी मारून शांतपणे वर येणं, एवढं जमलं की बाकीचं ते शिकवतात. ज्यांना येत नाही त्यांची वेगळी तासिका लागते, पहाटेची झोप जाते, एवढाच तोटा.

आता ट्रंक.

चार पानी यादी बाजूला ठेव. रुजू होण्याच्या पत्रासोबत सामानाची अधिकृत यादी येते, ती खरी. मागच्या बॅचच्या मुलींनी मनापासून सांगितलं आहे, पण एकीनं जे नेलं आणि वापरलं नाही तेही त्यात आहे आणि दुसरीला जे कमी पडलं तेही. ते पत्र येईपर्यंत फक्त तेवढंच घे जे अंगवळणी पडायला वेळ लागतो: बूट, चपला, अंतर्वस्त्रं. बाकी साबण-बादलीपासून हँगरपर्यंत शेवटच्या आठवड्यात एका फेरीत होतं. गणवेशाचं पुष्कळसं तिथंच मिळतं किंवा मापानं शिवून होतं. शिवाय प्रशिक्षणाच्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन असतं. ते हाती पडेपर्यंतच्या खर्चाला थोडे पैसे जवळ असले की झालं. पप्पांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लावायचं कारण नाही. हे त्यांना आकड्यानिशी सांग, नुसतं ‘नको, नको’ म्हणून ते ऐकणार नाहीत.

धावण्याच्या बुटांचे दोन जोड घे, संध्याकाळी जाऊन घे, कारण दिवसाअखेर पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याला जागा हवी. एक जोड आत्ताच वापरायला काढ, दुसरा निघण्याआधी महिनाभर. काळे चामडी बूट घेशील तेही रोज दोन तास घरात घालून चाल. आपल्याकडे पावसात चामड्याला तीन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा आत कागद कोंबून, वाऱ्याला ठेव, कपाटात बंद करू नकोस. मोज्यांचे काळे आणि पांढरे मिळून दहा-बारा जोड, जाड, सुती. चेन्नईच्या पावसात ते वाळत नाहीत आणि ओल्या मोज्यात फोड येतात. फोड आला तर कातडी ओढून काढायची नाही. नखं सरळ कापायची. पावडर, व्हॅसलीन, चिकटपट्टी, हे ट्रंकेत तळाशी नको, वर हाताशी हवं.

काही गोष्टी मुलांच्या याद्यांवरून बनवलेल्या याद्यांत नसतात आणि मुली एकमेकींना सांगायला लाजतात. चांगल्या आधाराच्या स्पोर्ट्स ब्रा पाच-सहा, धावून बघून घेतलेल्या. मांड्या घासू नयेत म्हणून आतून घालायच्या काळ्या चड्ड्या. दोन महिने पुरतील एवढे पॅड. कप वापरत असशील तर ठीक, पण नवीन प्रयोग तिथं सुरू करू नकोस. कष्टांनी पाळी पुढे-मागे होते. दोन-तीन महिने आलीच नाही तर ‘बरं झालं’ म्हणून गप्प बसायचं नाही, तिथल्या डॉक्टरांना सांगायचं, कारण तिचा संबंध थेट हाडांशी आहे. पोहण्याचा पोशाख अंगभर, साधा, टोपी आणि चष्म्यासकट. साडी यादीत असेल तर ती दहा मिनिटांत, आरशाशिवाय, एकटीनं नेसायची सवय कर. आईला याच कामाला लाव.

शिवणाच्या छोट्या डब्याला फौजेत ‘हाउसवाइफ’ म्हणतात, तो हवाच: सुई, काळा-पांढरा-खाकी दोरा, बटणं, कात्री. कुलपं दोन, सारखीच दिसणारी नकोत. किल्ल्यांचा एक जोड गळ्यात किंवा पाकिटात, एक बॅगेत. बूट पॉलिश, दोन ब्रश, जुन्या सुती साडीचे तुकडे. आजीच्या लुगड्याइतकी चकाकी दुसऱ्या कुठल्याच फडक्यानं येत नाही, हे मला एका सुभेदारांनी सांगितलं होतं. चष्मा असेल तर दुसरा जोड. साधं मनगटी घड्याळ, भिजलं तरी चालेल असं. दागिने घरी. काळी लोखंडी ट्रंक असेल तर तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, अगदी पत्रात जसं आहे त्याच स्पेलिंगनं.

ट्रंक भरली की एक परीक्षा घे. तुम्ही दोघांनी ती घरापासून रस्त्यापर्यंत उचलून न्यायची आणि परत आणायची, मध्ये न थांबता. वाटेत गाडी बदलताना पप्पांच्या कमरेवर ती पडणार आहे, आणि तिथं पोचल्यावर तुझ्या एकटीवर. जमलं नाही तर घरी उघडून निम्मं काढायचं. काय काढायचं हे तेव्हा बरोबर सुचतं.

खाजें आणि लाडवांचं आईला समजावून सांग. प्रवासात आणि पहिल्या रात्री वाटून संपेल एवढंच. दारातून पुढे खाऊ आपल्याकडे राहील याचा भरवसा नसतो, आणि दमट हवेत मुंग्या लागतात.

केसांचा निर्णय तुझा आहे, आईचा नाही, आणि अकादमीनं केस कापायलाच हवेत असंही नाही. टोपीखाली न सुटणारा घट्ट अंबाडा दोन मिनिटांत घालता आला की लांब केस चालतात. प्रश्न वाळण्याचा आहे. दिवसातून दोनदा घामाघूम होऊन, पावसात भिजून, पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलीला कमरेपर्यंतचे केस वाळवायला वेळ कुठून मिळणार? माझ्या मते खांद्यापर्यंत कापावेत, पण आजपासून पंधरा दिवस तेच केस घेऊन धाव, पोह, अंबाडा घाल, आणि आईला बघू दे. मग ती स्वतःच कात्री आणील, किंवा तुलाच वाटेल की जमतंय. दोन्ही चालेल. आईचा जीव केसांत अडकलेला नाही, तुझे केस विंचरायला उद्यापासून कुणी नाही यात अडकलाय. तिला शेवटच्या दिवशी एकदा विंचरू दे.

आणि पप्पांचं काम: कागद.

आपल्याकडे याचं महत्त्व बाहेरच्यांना कळणार नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नावांच्या स्पेलिंगांनी गोव्यातल्या किती मुलांची ऐनवेळी धांदल उडवली आहे! जन्मदाखल्यावर ‘नाईक’ क्यूनं, शाळेच्या दाखल्यावर केनं; वडिलांच्या नावात कुठं देसाईला एक एस, कुठं दोन; आईचं नाव लग्नाआधीचं एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. पप्पांनी जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तिचं तात्पुरतं प्रमाणपत्र, एनसीसी सर्टिफिकेट, आधार, पॅन, बँकेचं पासबुक हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडावं आणि तिघांची नावं अक्षर-अक्षर जुळवावीत. जिथं फरक असेल तिथं आत्ताच प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्ती. निबंधक कार्यालयात, विद्यापीठात, बँकेत खेपा लागतात आणि चवथीच्या दिवसांत सगळं थंडावतं, तेव्हा हे काम जुलैतलं. मूळ कागदांचा एक संच, साक्षांकित प्रतींचे चार, पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो. मूळ कागद ट्रंकेत नाही, तुझ्या खांद्याच्या पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटात.

एक गोष्ट तुमच्या घरात लागू नसेल, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या असेल. आजी-आजोबांच्या नावावरून लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायची खटपट पुष्कळ कुटुंबांत चालू असते. सेनेत जायचं असेल तर कुणी ‘नुसती सही कर’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही करू नये. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि मग बाकी कशालाच अर्थ राहत नाही.

भाषेची तयारी कुणी सांगत नाही, ती मी सांगते. वर्ग इंग्रजीत, पण कवायतीच्या आज्ञा हिंदीत, आणि उस्तादांची, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांची, हिंदी भरभर. आपल्याला हिंदी कळते, पण आकडे फसवतात. मराठीतलं एकोणसत्तर हिंदीत उनहत्तर, एकोणऐंशी म्हणजे उन्यासी, आणि नवासी म्हणजे एकोणनव्वद. कॅडेट नंबर, रायफलीचा नंबर पुकारला जातो तेव्हा विचार करायला वेळ नसतो. एक ते शंभर हिंदी आकडे पाठ कर. वेर्ण्याच्या बसमध्ये होऊन जातील.

दुसऱ्या अकादम्यांत जाणाऱ्यांना यातलं बहुतेक लागू आहे, थोडा फरक हवामानाचा. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत जाणाऱ्यानं आपल्याकडच्या स्वेटरवर विसंबू नये, हिवाळ्यात तिथं आतून घालायचे गरम कपडे लागतात. केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीला मडगावहून कोकण रेल्वेनं पय्यनूरला उतरता येतं, हवा आपल्यासारखीच, आणि पोहण्याची तयारी तिथं सगळ्यात जास्त हवी. खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जाणारी मुलं बारावीनंतरची, सतरा-अठराची. त्यांच्या आईवडिलांनी मुलाला कपडे धुणं, बटण लावणं आणि आपलं अंथरूण आपण आवरणं शिकवून पाठवावं, त्याचा उपयोग जास्त.

शेवटी घरच्यांचं. पहिले काही आठवडे फोन क्वचितच होईल. ही गोष्ट निघण्याआधी आईला नीट सांग, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती घाबरी होईल आणि तू तिथं तिच्या काळजीनं. नौदलाची अकादमी एळिमलाला जाण्याआधी पणजीसमोर, आपल्या वेऱ्यालाच होती, आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळावर. माझा मोठा भाऊ १९९१ साली तिथं गेला. आम्ही पणजीत राहायचो. संध्याकाळी आई मांडवीच्या काठावर जाऊन पलीकडचे दिवे बघत उभी राहायची. फेरीबोटीनं ओलांडण्याइतकी ती नदी, पण तो महिनोन्‌महिने घरी येऊ शकला नाही. त्या काळात तिनं त्याला पत्रं लिहिली, समोर दिवे दिसत असताना, पोस्टानं. कुठल्या गाईला वासरू झालं, माटोळीला (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या छताला) काय बांधलं, कोण आजारी, कोण बरं. तो आजही सांगतो की तेव्हा ‘खचू नकोस’ लिहिलेलं पत्र वाचवत नसे, वासराचं मात्र पुन्हा पुन्हा वाचायचा.

आईला पोस्टातून पाकिटं आणून दे, पत्ता तुझ्या हातानं लिहून ठेव. पहिलं पत्र तू निघायच्या आधीच टाकायला सांग, म्हणजे तू पोचशील त्या आठवड्यात तेही पोचेल. त्यात यंदाच्या चवथीचं लिहू दे.